ड्रग्ज वापरणाऱ्यांना संस्थेच्या निर्णयात घ्यायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ड्रग्ज टोचून घेणाऱ्यांसाठी सुई-सिरिंज वाटप आणि उपचारांचं काम करणारी एक संस्था आहे. वर्षापूर्वी त्यांनी कार्यकारी समितीत एक जागा सेवा घेणाऱ्या व्यक्तीसाठी ठेवली. पूर्वी हेरॉइन घेणारे आणि आता मेथाडोनवर (हेरॉइनऐवजी उपचार म्हणून दिलं जाणारं औषध) असलेले एक गृहस्थ त्या जागेवर आले. बैठका सकाळी साडेनऊला असतात. सहापैकी तीन बैठकांना ते आले, फारसं बोलले नाहीत, एकदा मध्येच उठून गेले. समितीतले काही जण आता म्हणतात, प्रयोग करून पाहिला, पुरे. एका विश्वस्तांना वेगळीच काळजी आहे: उद्या सध्या वापरणारं कुणी समितीत घेतलं आणि ती व्यक्ती नशेतच बैठकीला आली तर? संचालकांनी विचारलं आहे, आमचं कुठे चुकलं आणि पुढे काय करावं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "प्रत्येक विषयावर आम्ही त्यांचं मत आवर्जून विचारतो." तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मत विचारलं म्हणजे निर्णयात घेतलं असं होत नाही. एक काम करा. वर्षभराची इतिवृत्तं काढून बसा आणि शोधा, या सदस्यांच्या बोलण्यामुळे कोणता ठराव बदलला, पुढे ढकलला गेला किंवा बारगळला? एकही सापडला नाही, तर ते का बोलत नाहीत हे तुम्हाला कळलंच. आपल्या बोलण्यानं काही हलत नाही असं दिसलं की माणूस हळूहळू गप्प होतो. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही झाला असता.

दुसरं असं बघा, की विषय समितीपुढे येतो तेव्हा किती ठरून आलेला असतो. बहुतेक संस्थांमध्ये अंदाजपत्रक संचालक आणि हिशेबनीस मिळून बनवतात, निधी देणाऱ्यांशी बोलणं झालेलं असतं, डॉक्टरांनी मान डोलावलेली असते. मग ते समितीपुढे येतं आणि दहा मिनिटांत मंजूर होतं. त्या क्षणी वीस वर्षांचा अनुभव असलेला विश्वस्तही फक्त हात वर करतो. नव्या, एकट्या आणि आपण इथे पाहुणे आहोत असं वाटणाऱ्या माणसाकडून तिथे तुम्ही कसली अपेक्षा करणार?

हे मी सुयांवरून शिकले. मी ज्या संस्थेत होते तिथे सुयांची खरेदी वर्षातून एकदाच व्हायची. निविदा, दर, पुरवठादार सगळं ठरल्यावर आम्ही केंद्रावर येणाऱ्या चौघांना बोलावून सुई दाखवली. एकानं ती बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, ही जाड आहे. हिनं शीर खराब होते. कुणी नेणार नाही." आम्ही त्याचं म्हणणं लिहून घेतलं. खरेदीचा आदेश मात्र आधीच गेला होता. पुढचे कित्येक महिने खोकी भांडारात पडून राहिली, आणि लोक आपापल्या जुन्या बारीक सुया पुन्हा पुन्हा वापरत राहिले, एकमेकांच्यासुद्धा. वार्षिक अहवालात आम्ही लिहिलं, "सेवा घेणाऱ्यांशी सल्लामसलत केली." वाक्य खरं होतं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, कारण त्या काळात कुणाला कावीळ झाली असेल, कुणाला एचआयव्ही, ते मी कधीच मोजू शकणार नाही.

पुढच्या वर्षी आम्ही क्रम उलटा केला. निविदा काढण्याआधी तीन वापरकर्ते खरेदी समितीत बसले आणि नियम असा केला की त्या तिघांनी नाकारलेली सुई घ्यायची नाही, दर कितीही चांगला असो. बदल केला तो एवढाच. पण त्यानंतर त्या तिघांना बोला म्हणून सांगावं लागलं नाही. ते नमुने घेऊन लोकांमध्ये फिरले, कोण मांडीत टोचतं, कोण हातात, कोणाला कुठल्या जाडीची सुई लागते याचा कागद करून आले. मुळात सुई बदलून देण्याची कल्पनाही दवाखान्यांमधून आलेली नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९८४ साली हिपॅटायटिस बी पसरत असताना तिथल्या ड्रग्ज वापरणाऱ्यांच्या संघटनेनं, युंकीबाँडनं, ती रेटली आणि शहराच्या आरोग्य खात्याला बरोबर घेतलं. पुढे एचआयव्हीच्या काळात जगभर जी पद्धत वापरली गेली, तिची सुरुवात आपण ज्यांना 'लाभार्थी' म्हणतो त्यांच्या बैठकीत झाली होती.

लोकसहभागाच्या अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सल्लामसलत त्यात चौथ्या पायरीवर आहे. आपण निवडलेल्या एक-दोन माणसांना समितीत जागा देऊन बहुमत स्वतःकडे ठेवणं पाचव्या पायरीवर, म्हणजे समजूत काढण्याच्या. खरी भागीदारी सहाव्यापासून सुरू होते. पण मला तुमचं लक्ष दुसऱ्या पायरीकडे वेधायचं आहे. तिला त्यांनी 'उपचार' म्हटलं आहे: सहभागाच्या नावाखाली त्या माणसालाच सुधारायला घेणं. तुमच्या पत्रात आहे, "समितीत आल्यानं त्यांचा आत्मविश्वास वाढेल असं वाटलं होतं." आपल्या क्षेत्रातली ही फार जुनी सवय आहे. डॉक्टरांना समितीत घेताना त्यांचा आत्मविश्वास वाढावा म्हणून आपण घेत नाही, त्यांना जे माहीत आहे ते आपल्याला हवं असतं म्हणून घेतो. या सदस्यांनाही त्याच कारणासाठी घ्यायला हवं. त्यांचं भलं झालं तर आनंद आहे, पण समितीची खुर्ची ही समुपदेशनाची खुर्ची होता कामा नये.

आता संख्या आणि निवड. एकट्या माणसाला बसवू नका. एकट्यावर सगळ्यांच्या वतीनं बोलण्याचं ओझं येतं, आणि तो आला नाही की जागाच रिकामी राहते. किमान तीन जण हवेत. त्यांच्यात एकमत नसलं तर फारच चांगलं, कारण मग समितीला कळतं की 'ड्रग्ज वापरणारे' हा एका मताचा गट नाही. टोचणारी बाई, धूर घेणारा तरुण, पंधरा वर्षं मेथाडोनवर असलेला माणूस, यांचे प्रश्न वेगळे असतात. बायका तर केंद्रावरच कमी येतात, मग समितीत कुठून येणार? त्यासाठी मुद्दाम बाहेर पडून त्यांना शोधावं लागतं.

आणि त्यांना तुम्ही निवडू नका. आपण निवडतो तेव्हा आपल्याला सोयीचा माणूस निवडतो: नम्र, वेळेवर येणारा, शक्यतो क्लीन झालेला. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीच्या जागतिक निधीनं देशोदेशीच्या समन्वय समित्यांना अट घातली आहे, की बिगरसरकारी सदस्य त्यांच्या-त्यांच्या गटानंच पारदर्शक पद्धतीनं निवडलेले असावेत. लहान संस्थेलाही हे जमतं. केंद्रावर दोन दिवस चिठ्ठ्यांची पेटी ठेवा, लिहिता न येणाऱ्यांसाठी खुणेची सोय करा, कालावधी ठरवा, आणि मोजणी सगळ्यांसमोर करा.

सोडलेल्यांना घ्यायचं की सध्या वापरणाऱ्यांना, यावर माझं मत स्पष्ट आहे: दोघांनाही, पण सध्या वापरणारे नसतील तर समिती अपुरी. ज्यानं पाच वर्षांपूर्वी सोडलं त्याला पाच वर्षांपूर्वीचा बाजार माहीत असतो. मधल्या काळात माल बदलतो, भेसळ बदलते, पोलिसांची गस्त बदलते, टोचण्याच्या जागा बदलतात. फेन्टानिल हे हेरॉइनपेक्षा कितीतरी तीव्र ड्रग जिथे-जिथे आलं तिथे सगळे हिशेब उलटले, आणि ते आधी कळलं ते रोज वापरणाऱ्यांना. शिवाय सोडलेल्या काही माणसांना, स्वतः ज्यातून गेलो त्याकडे वळून बघताना, वापरणाऱ्यांबद्दल कठोर व्हावंसं वाटतं. ते मी समजू शकते. पण मग 'आमच्याकडे अनुभवी प्रतिनिधी आहे' असं म्हणत समिती त्यांच्याच तोंडून कडक नियम मंजूर करून घेते, हेही मी पाहिलं आहे.

यावरून तुमच्या विश्वस्तांची शंका. नशेत कुणी आलं तर? प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही सरळ द्यायला हवं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. रोज हेरॉइन घेणाऱ्या माणसाला शेवटच्या डोसनंतर साधारण सहा ते बारा तासांत टर्की, म्हणजे डोस न मिळाल्याचा त्रास, सुरू होते. जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, घाम, पोटात कळा, एका जागी बसवत नाही. त्या माणसानं आपला नेहमीचा डोस घेतलेला असेल तर तो तुमच्या-माझ्यासारखाच बसतो, ऐकतो, बोलतो, आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणजे 'बैठकीला ड्रग्ज न घेता या' अशी अट घातलीत, की ज्याला बसवतच नाही असा माणूस तुम्ही स्वतःच्या हातानं तयार करता, आणि मग म्हणता, यांचं लक्ष नसतं. तुमचे सदस्य मध्येच उठून गेले त्या दिवशी त्यांचा मेथाडोनचा डोस झाला होता का, कुणी विचारलं? बऱ्याच ठिकाणी डोस सकाळीच, दवाखान्यात, नर्ससमोर घ्यावा लागतो. साडेनऊची बैठक आणि दवाखान्याची रांग एकाच वेळी असेल तर ते दोन्हीकडे असू शकत नाहीत, आणि रांग चुकवणं त्यांना परवडणारं नाही.

म्हणून नियम वागण्याबद्दल असावा, रक्तात किंवा लघवीत काय सापडतं याबद्दल नको. आम्ही लिहिला होता तो साधा होता: जो सदस्य चर्चेत भाग घेण्याच्या स्थितीत नाही किंवा इतरांना काम करू देत नाही, त्याला अध्यक्ष विश्रांती घ्यायला सांगतील, त्यामुळे त्याचं सदस्यत्व, मानधन किंवा सेवा यांना धक्का लागणार नाही, पुढच्या बैठकीला तो नेहमीसारखा येईल. नियम सगळ्यांना लागू. जेवताना दारू घेऊन आलेल्या विश्वस्तालाही आणि तीन रात्री जागून आलेल्या डॉक्टरांनाही. तो मसुदा वापरकर्त्या सदस्यांनीच केला आणि आमच्या मनात होता त्यापेक्षा तो जास्त काटेकोर होता. दर तासाला दहा मिनिटांची सुट्टी ठेवा, ती सगळ्यांनाच बरी पडते. खोलीच्या जवळ नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या ड्रग्जच्या ओव्हरडोसवरचा उतारा, ठेवा आणि ते द्यायचं कसं हे समितीतल्या प्रत्येकाला शिकवा. ओव्हरडोसच्या वेळी जवळ असण्याची शक्यता असलेल्या सर्वांना ते मिळावं आणि वापरता यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ सालीच केली आहे. विश्वस्तांनी स्वतः हातात नॅलोक्सोन धरून पाहिलं की त्यांच्या बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

पैशांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथेच चांगल्या-चांगल्या संस्था घसरतात. तुम्ही प्रवासखर्च देता, मानधन देत नाही, कारण "बाकीचे विश्वस्तही विनामोबदलाच काम करतात." बाकीचे विश्वस्त पगारी रजा घेऊन किंवा पेन्शनवर येतात. रोज कमावून रोज खाणाऱ्या माणसाची सकाळ गेली की त्या दिवसाची कमाई गेली. त्याच टेबलावर बसलेले लेखापरीक्षक आणि वकील आपल्या ज्ञानाचे पैसे घेतात. मग एकाच माणसाचं ज्ञान फुकट का?

"पैसे दिले तर ड्रग्जवरच जातील" हे वाक्य मी इतक्या बैठकांमध्ये ऐकलं आहे, की आता मी ते समोर यायच्या आधीच घेते. कदाचित काही जातीलही. तुमच्या लेखापरीक्षकांचे पैसे कशावर जातात हे आपण विचारत नाही. कामाचा मोबदला हा त्या माणसाचा असतो. कुपनं आणि भेटवस्तू देऊ नका. त्यातून संदेश एकच जातो, की तुझ्यावर आमचा विश्वास नाही, आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडून आपण संस्थेचे निर्णय घेऊन घेतो आहोत, हे जुळत नाही. रोख द्या, त्याच दिवशी द्या, बँक खातं नसलेल्यांना त्यासाठी अडवू नका. बैठकीआधी कागद वाचण्याचा, लोकांमध्ये जाऊन विचारण्याचा वेळही त्यात धरा. दोन गोष्टी मात्र आधी तपासा. तुमच्या घटनेनुसार विश्वस्तांना मोबदला घेता येतो का? येत नसेल तर अधिकार असलेली उपसमिती करा आणि तिच्या सदस्यांना द्या. आणि या मानधनामुळे कुणाची सरकारी मदत बंद होणार नाही ना, हे त्या-त्या व्यक्तीशी बसून बघा.

गोपनीयतेवर थोडंसंच, पण ते विसरू नका. जिथे वापरणं हाच गुन्हा आहे तिथे इतिवृत्तात 'श्री. अमुक यांनी सांगितले की सध्या त्यांना अमुक ठिकाणी माल मिळतो' असं लिहिणं म्हणजे पोलिसांसाठी जबाब लिहिणं. नावाऐवजी 'एक सदस्य' लिहा. अहवालात फोटो छापू नका, निधी देणाऱ्यांनी मागितला तरी. घर, नोकरी, मुलांचा ताबा, सगळं एका फोटोवर जाऊ शकतं.

आणि भाषा. समितीत सगळ्यांना अहो-जाहो होतं आणि त्यांनाच अरे-तुरे होतं का, हे पुढच्या बैठकीत कान देऊन ऐका. "डॉक्टर, तुमचं काय मत? देशपांडे साहेब, तुमचं? आणि तुझं काय रे?" मी हे ऐकलं आहे, आणि म्हणणाऱ्याच्या मनात माया होती. पण त्या एका 'रे'नं त्या माणसाची जागा ठरून गेली. केंद्रावर वर्षानुवर्षांच्या ओळखीनं एकेरीत बोलणं वेगळं. समितीच्या खोलीत ते चालत नाही. 'गर्दुल्ला', 'व्यसनी' हे शब्द तर कागदातूनही काढा. लोक स्वतःला काय म्हणवून घेतात ते विचारा आणि तेच लिहा.

त्या सदस्यांच्या गप्प बसण्यामागे आणखी एक कारण असू शकतं, आणि ते कारण ते स्वतःहून तुम्हाला सांगणार नाहीत. तुमच्याच दवाखान्यातून ते मेथाडोन घेत असतील, तर ज्यांच्या कामावर त्यांनी बैठकीत टीका करायची त्यांच्याच हातात त्यांचा डोस आहे. मनात ही भीती असताना कुणी मोकळं बोलेल कसं? समितीत काय बोललं यावरून कुणाचा डोस, बेड किंवा सिरिंज अडणार नाही, हे लेखी द्या. शक्य असेल तर समितीवर असेपर्यंत दुसरीकडून सेवा घेण्याची सोय करून द्या. तक्रारीसाठी संस्थेबाहेरची एक व्यक्ती नेमा.

एक कठीण गोष्ट आधीच सांगून ठेवते. या कामात समितीतले लोक मरतात. ओव्हरडोसनं, उपचाराविना राहिलेल्या हिपॅटायटिसनं, तुरुंगात. तीन जणांपैकी एखादा एके दिवशी येणार नाही, आणि बाकीच्या दोघांसाठी तो सहकारी आणि मित्र दोन्ही असेल. आमच्याकडे असं झालं तेव्हा पहिल्या वेळी आम्ही एक मिनिट शांत उभे राहिलो आणि विषयपत्रिकेवर गेलो. दोघं त्यानंतर परत आले नाहीत. नंतर आम्ही शिकलो, की त्या दिवशीची बैठक तेवढ्यासाठीच ठेवायची, त्याच्याबद्दल बोलायचं, आणि तो कशामुळे गेला, आपल्या सेवेत कुठे भगदाड होतं, हा विषय पुढच्या बैठकीत पहिला घ्यायचा.

पूर्ण सत्ता ड्रग्ज वापरणाऱ्यांच्याच हातात असलेल्या संघटनाही आहेत, आणि त्या चालतात. व्हँकुव्हरमध्ये १९९८ साली उभी राहिलेली वान्डू ही त्यातली सर्वांत परिचित. २००३ साली तिथे सुरू झालेलं इन्साइट, म्हणजे देखरेखीखाली ड्रग्ज टोचून घेता येतात असं केंद्र, कॅनडा सरकारच्या भूमिकेमुळे बंद पडायची वेळ आली, तेव्हा वान्डू स्वतः पक्षकार म्हणून न्यायालयात उभी राहिली, आणि २०११ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं केंद्र चालू ठेवण्याच्या बाजूनं निकाल दिला. ज्यांना दोन तास बैठकीत बसवेल का अशी शंका आपण घेतो, त्या लोकांनी वर्षानुवर्षं चाललेला खटला लढवला.

तुम्ही उद्याच तिथे पोहोचा असं मी म्हणत नाही. एक निर्णय निवडा आणि तो पूर्ण सोपवा. माझी सूचना: केंद्रावर कुणाला, कशासाठी, किती दिवस बंदी घालायची याचे नियम. वरवर हा विषय किरकोळ वाटतो, पण बाहेर काढलेल्या माणसाला त्या आठवड्यात सुई मिळणार की नाही, हे त्यातच ठरतं. आमच्याकडे मारामारीला महिनाभराची सरसकट बंदी होती. वापरकर्त्यांच्या उपसमितीनं ती बदलली: बसायच्या हॉलमधून बंदी, पण खिडकीवर सुई आणि नॅलोक्सोन कुणालाही, कधीही. आणि परत येण्याआधी ज्याच्याशी भांडण झालं त्याच्यासमोर बसून बोलायचं. कर्मचाऱ्यांनी सुरुवातीला जोरदार विरोध केला. त्यांचं भय खरं होतं, मार त्यांनाच खावा लागतो. म्हणून दोन कर्मचारी त्या उपसमितीत बसले, मताधिकाराशिवाय पण बोलण्याच्या पूर्ण हक्कासह. तो नियम मी तिथे असेपर्यंत तसाच राहिला.

आणि ज्या सदस्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यांना काढू नका. पुढच्या बैठकीची तारीख ठरवण्याआधी तुम्ही स्वतः त्यांना भेटा, केंद्रावर नको, त्यांना सोयीचं असेल तिथे. दोनच गोष्टी विचारा: त्या दिवशी मध्येच का उठावं लागलं, आणि बरोबर आणखी कोणते दोघे असावेत असं वाटतं. दवाखान्याची रांग कितीला संपते तेही विचारा, आणि त्यानंतरची वेळ सगळ्यांना कळवा.